भुजंगरावांचा तीन नंबरचा हौद

दुर्गाबाईंनी शेठच्या टेबलावर धोतर पसरलं, तेव्हा मी समोर टाइपरायटरवर बसलो होतो. धोतर त्यांच्या नवऱ्याचं होतं आणि ते गुलाबी होतं.

"शेटजी, हे आमी रंगवायला टाकलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "धुवायला टाकलं होतं. आमच्याच हिरीच्या पाण्यात."

शेठनी सवयीनं धोतराचा काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला आणि सवयीनंच म्हणाले, "रंग पक्का बसलाय." मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर आमचा नाला होता. त्या दिवशी तो जांभळा वाहत होता.

ही १९९३ सालची गोष्ट. जालन्याच्या बाहेर आमचा सूत रंगवायचा कारखाना होता. मी, वामन, तिथे कारकून. आमच्या बारा कढयांमधलं रंगाचं पाणी मागच्या नाल्यात जायचं, नाला दुर्गाबाईंच्या शेताच्या बांधावरून खाली कुंडलिका नदीकडे जायचा. धोतरानंतर तीन महिन्यांनी प्रदूषण मंडळाची नोटीस आली. मग मात्र शेठनी पावसाळ्याच्या आत एकापुढे एक असे तीन सिमेंटचे हौद बांधून घेतले. पहिल्या हौदात पाणी थंड व्हायचं. दुसऱ्यात तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा. तिसऱ्यात काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. मंडळाच्या नकाशात तीन हौद होते म्हणून तीन बांधले.

हौदांवर बसायला कोणी तयार होईना. तेव्हा सुताच्या वाळवण-पट्टीतून भुजंगराव गावंडे यांना उचलून तिकडे टाकलं. हुद्दा 'ऑपरेटर'.

भुजंगराव जाफराबादकडच्या एका खेड्यातले. चार भावांत तिसरे. ज्या साली जालना जिल्हा झाला, त्याच साली ते गावाहून आले आणि आमच्याकडे लागले. उंच, हडकुळे, कपाळाला कायम आठ्या. त्यांना वैताग यायला मोठं कारण लागत नसे. कोणी नळ अर्धवट बंद केला, कोणी सुताची गड्डी उलटी टांगली, कोणी विचारल्याशिवाय त्यांचा खराटा नेला की ते सुरू व्हायचे. त्यांच्या बायको नंदाबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांना देवळात बी घंटा वाकडी दिसती." पण एक सांगतो. त्यांनी वाळवलेल्या सुताला कधी डाग पडला नाही.

हौदांवर आल्यावर त्यांचा वैताग दुप्पट झाला, कारण काम करूनही काम दिसेना. तुरटीनं गाळ खाली बसायचा, पाणी स्वच्छ व्हायचं, पण स्वच्छ जांभळं. ते बाटली भरून ऑफिसात आणायचे आणि माझ्या टेबलावर आदळायचे.

"बघा वामनराव. काचेसारखं पानी. पर रंग बराबर तसाच. दीड वर्षापून मी ह्या पान्याची चाकरी करून राह्यलो, आन ते काही रंग सोडंना."

मी मंडळाला उत्तर टाइप करायचो : उपाययोजना प्रगतिपथावर आहे.

१९९५ च्या पावसाळ्यात सरोजिनी मॅडम आल्या. त्या जालन्यातल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, वय तिशीचं, लूनावर फिरायच्या, पीएच.डी. करत होत्या. त्यांनी शेठना सांगितलं की वठलेल्या आंब्याच्या खोडावरून त्यांनी एक पांढरी बुरशी आणलीय आणि ती प्रयोगशाळेत कापडाचे रंग खाते. आता त्यांना खऱ्या कारखान्याचं खरं पाणी हवं होतं. शेठना मंडळापुढे ठेवायला काहीतरी हवं होतं. दहा मिनिटांत तिसरा हौद मॅडमना मिळाला.

हौदाबरोबर त्यांना भुजंगरावही मिळाले, आणि भुजंगरावांना ते बिलकुल पसंत नव्हतं.

"म्याडम, आमच्याकडं भाकरीला बुरशी आली तर आमी ती जनावराला बी घालत न्हाई. आन तुमी म्हनता ती पाळायची?"

"पाळायचीच," मॅडम म्हणाल्या. "लाकूड ज्या चिवट पदार्थामुळे कडक राहतं ना, तो फोडणं फार थोड्यांना जमतं. या बुरशीला जमतं. ती एक रस सोडते, त्यानं तो पदार्थ तुटतो. तुमचे रंगही तसेच चिवट आहेत. तिला लाकूड काय नि रंग काय, दोन्ही सारखंच."

"मंग टाका की हौदात. खाऊ द्या तिला."

"नुसती टाकून ती जगत नाही, भुजंगराव. तिथेच तर सगळी मेख आहे."

ती मेख पुढची नऊ वर्षं भुजंगरावांच्या मानेवर बसली. बॉयलरच्या वाफेत गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, शिजवायचा. तो निवेपर्यंत झाकून ठेवायचा. मॅडम सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत उकडलेल्या ज्वारीवर बुरशीचं बियाणं वाढवून आणायच्या, ते स्वच्छ हातांनी गव्हांड्यात मिसळायचं. कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरून अंधाऱ्या ओलसर खोलीत वीस दिवस ठेवायचं. गव्हांडा पांढराशुभ्र झाला की पिशव्या तिसऱ्या हौदात ओळीनं टांगायच्या आणि वरून रंगाचं पाणी ठिबक ठिबक सोडायचं. पाण्यात बुडवायच्या नाहीत; बुरशीला हवा लागते. पाणी किंचित आंबट हवं, म्हणजे दुसऱ्या हौदात मोजून तेजाब टाकायचं आणि कागदाची पट्टी बुडवून रंग ताडायचा. फार ऊन नको. फार गारवा नको. कोरडं पडायला नको.

"माझी सून बाळंतीन झाल्ती तवा एवढं पथ्य न्हवतं," भुजंगराव म्हणाले.

पहिल्या पिशव्या हिरव्या पडल्या. कोणीतरी शिजलेल्या गव्हांड्याचं झाकण काढून बघितलं होतं आणि दुसरीच हिरवी बुरशी आत शिरली होती. भुजंगरावांनी चाळीस पिशव्या उकिरड्यावर नेऊन टाकल्या आणि झाकण कोणी काढलं ते शोधण्यात दोन दिवस घालवले. दुसऱ्या खेपेच्या पिशव्या बऱ्या जमल्या, पण त्यात मे महिना आला. बेचाळीस अंश. त्यात वीज जायची आणि पाणी शिंपडणारा पंप बंद पडायचा. तीन तासांत पिशव्या वाळून खडंग. त्यानंतर वीज गेली की भुजंगराव बादली नि टमरेल घेऊन हौदाच्या कठड्यावरून चालायचे, पिशवीवर पिशवी भिजवत, वीजबोर्डाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. हौदावर त्यांनी पोत्यांचा मांडव घातला. पोती रोज ओली करायची हे आणखी एक काम त्यांनी स्वतःच्याच मागे लावून घेतलं आणि त्याबद्दलही ते वैतागलेले असत.

तिसऱ्या खेपेला, सप्टेंबर शहाण्णवमध्ये, ती बाटली माझ्या टेबलावर आली. या वेळी आदळली नव्हती, ठेवली होती.

पाणी निर्मळ नव्हतं. फिक्या चहासारखं होतं. पण शेजारी त्यांनी हौदात शिरणाऱ्या पाण्याची बाटली ठेवली, ती वांग्याच्या रंगाची होती.

"कालचं हेच पानी?" मी विचारलं.

"हेच. चोवीस घंटे." त्यांनी चहासारखी बाटली पुढे सरकवली. "चहाचा रंग गव्हांड्याचा हाय, म्याडम म्हनल्या. आपल्या रंगातला मातर निम्म्याच्या वर गायब." मग ती उजेडात धरली. "च्यायला. खाल्ला की हो तिनं."

पंधरा वर्षांत मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटलेल्या तेव्हाच पाहिल्या. पाच दिवस टिकलं ते.

सहाव्या दिवशी सकाळी तिसऱ्या हौदातून घाण वास सुटला. चांगल्या पिशव्यांना भिजलेल्या लाकडाचा वास यायचा. हा सडक्या अंड्यांचा होता. पांढरा गव्हांडा पिवळा आणि बुळबुळीत झाला होता. भुजंगरावांनी हौदाच्या तोंडाशी वाकून हुंगलं आणि तडक रंगखात्यात गेले. मी मागोमाग.

रंगखात्याचे मास्तर होते रामकिसन. रंगवण्याआधी सूत पांढरं करावं लागतं, त्यासाठी ब्लीचच्या दोन कढया होत्या. एरवी ब्लीचचं पाणी थोडं थोडं जायचं. काल एक अख्खी कढई एकदम सोडली होती.

"मास्तर, ब्लीच सोडलं का तुमी?"

"सोडलं. का?"

"मेली ना ती सगळी!"

"कोन मेली?"

"बुरशी!"

खात्यातले सगळे हसले. रामकिसन मास्तर नाही हसले. ते वाईट माणूस नव्हते. "गावंडे, माझं ऐक. ब्लीचमधलं सूत वेळेत काढलं न्हाई तर जळतं. हाताला लागलं की तुटतं. सूत काढलं की कढई रिकामी करायचीच, मागं दुसरा लॉट उभा असतो. मी तुझ्या कुत्र्याच्या छत्रीला विचारून कढई सोडू का?"

"मला विचारून सोडा. पंधरा मिनिटं आधी सांगा. मी पानी दुसऱ्या अंगाला वळवतो."

"वळवशील कुठं? तुझ्या तिन्ही हौदांना पाइप एकच."

हे खरं होतं. मॅडमनी संध्याकाळी येऊन पाहिलं आणि उपाय सांगितला. ब्लीचच्या कढयांपासून एक वेगळा पाइप काढायचा, तो मागच्या पडीक खड्ड्यात न्यायचा. उघड्यावर दोन दिवस उन्हात पडलं की त्यातला क्लोरिन उडून जातो, मग ते पाणी हळूहळू पहिल्या हौदात घ्यायचं. भुजंगरावांनी तिथल्या तिथे पावलं टाकून अंतर मोजलं. चाळीस फूट.

मी त्यांचा अर्ज लिहून दिला. शेठनी वाचला आणि वर लिहिलं : बघू.

आता तुम्हांला वाटेल, चाळीस फूट पाइप म्हणजे काय मोठी गोष्ट. भुजंगरावांनाही तेच वाटायचं. त्यांनी अकरा अर्ज केले. ते सगळे मीच लिहिले आणि मीच फायलीला लावले, म्हणून मला आकडा माहीत आहे. कधी शेठ परगावी असायचे, कधी दिवाळीनंतर बघू असायचं, कधी प्लंबर येऊन माप घेऊन जायचा आणि पुन्हा फिरकायचा नाही. एकदा पाइप आलासुद्धा. तो शेठच्या बंगल्याच्या बागेला लागला.

दरम्यान ब्लीच येतच राहिलं. भुजंगरावांनी रंगखात्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, 'ब्लीच सोडन्याआधी गावंडेला सांगने.' कोणीतरी खाली कुत्र्याची छत्री काढली. कधी मास्तर आठवणीनं निरोप पाठवायचे. तेव्हा भुजंगराव पळत जाऊन तिसऱ्या हौदाचा व्हॉल्व्ह बंद करायचे आणि पाणी तसंच नाल्यात जाऊ द्यायचे. बुरशी वाचली म्हणून सुटका वाटायची आणि नाला खराब झाला म्हणून ते दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. वर्षातून तीन-चार वेळा मास्तर विसरायचे. मग पुन्हा गव्हांडा, पुन्हा वाफ, पुन्हा वीस दिवस.

१९९८ मध्ये मॅडमची पीएच.डी. झाली. त्यांना कोल्हापूरकडे नोकरी लागली. जायच्या आधी त्या पेढे आणि निळ्या कापडाच्या बांधणीचा जाड प्रबंध घेऊन ऑफिसात आल्या. भुजंगरावांना बोलावलं. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि तरीही प्रबंधाला हात लावला नाही.

"पहिल्याच पानावर तुमचे आभार मानलेत," मॅडम म्हणाल्या. मी ते इंग्रजी वाचून दाखवलं. टायपिस्टनं श्री. भुजबळ गावडे असं छापलं होतं.

मॅडमचा चेहरा पडला. भुजंगराव म्हणाले, "असू द्या. त्या गावड्याला बी लई काम पडलं आसंल." मग लगेच त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "पर म्याडम, तुमी गेल्यावर बियानं कोन देनार?"

मॅडमनी त्यांना दोन काचेच्या नळ्या दिल्या, त्यात मूळ बुरशी होती. कॉलेजातल्या नव्या सरांना सांगून ठेवलंय, ते बियाणं करून देतील, म्हणाल्या. जाताना त्यांचे डोळे भरून आले होते. भुजंगरावांचेही आले असावेत, पण त्याच वेळी पंप बंद पडला आणि ते शिव्या देत तिकडे गेले.

नव्या सरांनी एकदा बियाणं दिलं. दुसऱ्यांदा म्हणाले, तो प्रकल्प संपलाय. तिसऱ्यांदा ते भेटलेच नाहीत. भुजंगराव तीन वेळा नळ्या खिशात घालून, सायकलवर, डबल शिफ्ट करून जाऊन आले होते. तिसऱ्या खेपेला परत येऊन ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. एरवी ते कधी बसत नसत.

"वामनराव, प्रकल्प संपला म्हनं. नाल्याला कुनी सांगितलं का, की प्रकल्प संपला?"

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. विरजणासारखा. जुन्या, चांगल्या पांढऱ्या पिशवीतला मूठभर गव्हांडा नव्या शिजवलेल्या गव्हांड्यात मिसळायचा. कधी जमायचं, कधी हिरवं पडायचं. दर दहा पिशव्यांत सहा जगायच्या. नंदाबाई सांगायच्या की सणाला गावी गेले तरी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं परत निघतात. "म्हनत्यात, हौद सुकंल. मी म्हनलं, तुमच्या आईला भेटून दोन घंटे झाले न्हाईत. तर म्हनत्यात, आईला पानी घालायला तीन सुना हायत, तिथं कुनी न्हाई."

२००० सालच्या जानेवारीत मंडळाचं पत्र आलं, बुधवारी अधिकारी पाण्याचे नमुने घ्यायला येणार. शेठनी भुजंगरावांना बोलावलं.

"गावंडे, बुधवारी सकाळी तिसऱ्या हौदात बोअरचं पाणी सोडा. साहेब तेच भरून नेतील."

"का शेठ? आपलं पानी चांगलं हाय. दीड महिन्यापून पिशव्या एकदम फिट्ट हायत. खरं पानी दाखवू."

"रिस्क कशाला घ्यायची?"

"मंग मी सात वर्षं करून काय राह्यलो?"

शेठ फायलीकडे वळले. भुजंगरावांनी मात्र ठरवलं होतं. सोमवारी त्यांनी प्रत्येक पिशवी उचलून हुंगली, मांडवाची पोती बदलली, हौदाचा कठडा घासून काढला. मंगळवारी सकाळी कामावर आले तर सडक्या अंड्यांचा वास फाटकापर्यंत येत होता.

मोठी ऑर्डर होती. रामकिसन मास्तरांनी सोमवारी रात्री थांबून दोन्ही ब्लीच कढया लागोपाठ सोडल्या होत्या.

भुजंगराव ओरडले नाहीत. घरी गेले. अर्ध्या तासानं परत आले ते घराच्या दाराचं कुलूप घेऊन. रंगखात्यातून हौदांकडे येणाऱ्या मुख्य पाइपाचा व्हॉल्व्ह त्यांनी पूर्ण बंद केला, चाकाला साखळी गुंडाळली, कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली. मग कठड्यावर बसून मेलेल्या पिशव्या एकेक करून काढू लागले.

तासाभरात रंगखात्याची गटारं तुंबली. निळं पाणी कामगारांच्या घोट्यापर्यंत आलं. रामकिसन मास्तर धोतर आवरत धावत आले.

"गावंडे, व्हॉल्व्ह उघड!"

"न्हाई."

"अरे बारा कढया भरून उभ्या हायत!"

"ऱ्हाऊ द्या."

"सूत जळून जाईल! वेडा झाला का तू?"

भुजंगराव उठले. आणि मग मात्र ते ओरडले. एवढं मोठ्यानं, की रंगखात्यातली मशीनं चालू असती तरी ऐकू गेलं असतं. "जळू द्या! तुमचं एक दिवसाचं सूत जळंल, मास्तर. माझं किती जळलं ते मोजलं का कुनी? म्याडमनी सांगितलं, पाइप टाका. शेठला सांगितलं, पाइप द्या. अकरा अर्ज केले. चंद्रावर मानूस जाऊन आला म्हनत्यात, आन ह्या कारखान्यात चाळीस फूट पाइप येत न्हाई! पंधरा मिनिटं मागितली मी तुमाला. फकत पंधरा मिनिटं!"

मास्तरांचे पाय निळे झाले होते. ते काहीतरी बोलणार होते, पण शेठ आले. शेठनी किल्ली मागितली. भुजंगरावांनी दिली नाही. शेवटी वॉचमननं घण आणून कुलूप तोडलं, आणि शेठनी मला तिथल्या तिथे आठ दिवसांच्या निलंबनाचं पत्र टाइप करायला सांगितलं. मी टाइप केलं. त्यात मी एक ओळही कमी लिहिली नाही, हे कबूल करतो.

बुधवारी अधिकारी आलेच नाहीत. गाडी मिळाली नाही म्हणून दौरा पुढे ढकलला, असा फोन आला.

त्या आठ दिवसांत तिसऱ्या हौदाकडे कोणी बघितलं नाही. अर्ध्या पिशव्या आत सडत होत्या. वास शेठच्या केबिनमध्ये शिरला. उदबत्त्या लावून झाल्या, फिनेल टाकून झालं. चौथ्या दिवशी शेठनी रामकिसन मास्तरांना हौद साफ करायला पाठवलं. मास्तर नाकाला रुमाल बांधून उतरले. मी वरून बघत होतो. त्यांनी एक पिशवी उचलली, ती हातातच फाटली. सगळा लगदा अंगावर. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, भोवती टांगलेल्या शंभर पिशव्यांकडे बघत. मग मला म्हणाले, "वामनराव, हे इतकं सगळं तो एकटाच भरून राह्यला होता?"

"सात वर्षं," मी म्हणालो. बरोबर सांगायचं तर पिशव्यांची पाचच. पण मला तेव्हा सातच वाटली.

रविवारी कारखाना बंद असतो. मास्तर मला घेऊन भंगाराच्या ढिगाकडे गेले. तिथे जुन्या बॉयलरचे लोखंडी पाइप पडले होते, गंजलेले, वेगवेगळ्या लांबीचे. आम्ही ते हातगाडीवर टाकले. मग मास्तर भुजंगरावांच्या घरी गेले. दार नंदाबाईंनी उघडलं. कडीला कुलपाऐवजी सुतळी होती, कारण त्याचं कुलूप आम्ही तोडलं होतं.

"अहो, मास्तर आलेत," नंदाबाई आत बघून म्हणाल्या.

आतून आवाज आला, "सांग, गावंडे निलंबित हाय."

"गावंडे," मास्तर उंबऱ्यावरूनच म्हणाले, "पाइप भेटला. चाळीस न्हाई, बेचाळीस भरतो. पर जोड बसवायला मला येत न्हाई."

मग भुजंगराव बाहेर आले. हातात पाना होता. आणि पहिलं वाक्य काय म्हणाले, तर, "लोखंडाचा? ब्लीच लोखंड खातं, मास्तर. वर्षभरात चाळण होईल."

"मंग वर्षानं बदलू."

"पाइपासाठी तीन वर्षं बसलो तसं पुन्यांदा बसू का मी?" असं म्हणत म्हणतच त्यांनी चपला घातल्या.

त्या दिवशी तिघांनी मिळून पाइप टाकला. भुजंगराव दर जोडाला मास्तरांवर खेकसत होते आणि मास्तर निमूट ऐकत होते. संध्याकाळी, शनिवारी कढईत राहिलेलं ब्लीचचं पाणी पडीक खड्ड्यात पडलं. शेठना सोमवारी कळलं. त्यांनी पाहिलं, बघू म्हणाले नाहीत. दीड वर्षात पाइपाची खरंच चाळण झाली, तेव्हा त्यांनी न मागता प्लास्टिकचा आणून दिला.

पुढची चार वर्षं हौद नीट चालला. नीट म्हणजे, दुर्गाबाईंकडून कोणी आलं नाही आणि मंडळाच्या अहवालात 'रंग : फिका तपकिरी, सुधारणा आवश्यक' असं यायचं. तो अहवाल मी वाचून दाखवला की भुजंगराव म्हणायचे, "ह्यांना चहा बी पांढरा लागतो काय?"

२००४ मध्ये कारखाना बंद पडला. बाहेरचं स्वस्त सूत आलं, शेठनी जागा एका बियाणे कंपनीला गोदामासाठी दिली. सगळ्यांचे हिशेब झाले. भुजंगराव निवृत्तीलाच आले होते. तिसरा हौद रिकामा करायचा होता. पिशव्यांमधला सगळा गव्हांडा काढून त्यांनी सिमेंटच्या ओट्यावर ढीग घातला, वर ताडपत्री टाकली.

आसपासचे शेतकरी लगेच आले. कुजलेला गव्हांडा, काळाभोर, भुसभुशीत, म्हणजे आयतं खत. एक गृहस्थ तर ट्रॅक्टरच घेऊन आले.

"भुजंगराव, भरू का? फुकट जाऊन राह्यलं."

"न्हाई भरायचं."

"का? तुमच्या काय कामाचं?"

"ह्यात रंग मुरलाय. बुरशीनं तोडला, पर तोडून त्याचं काय झालं ते म्याडमच्या पुस्तकात बी लिहिलं न्हाई. लिहिलंय की, अजून बघायला पायजे. वामनरावांनी वाचून दाखवलंय. कुनी बघितलं का? न्हाई. मंग तुमच्या जवारीत कशाला टाकू?"

"अहो, आमी टाकून राह्यलो ना! जिम्मेदारी आमची."

"ज्यांची कुनाची जिम्मेदारी होती, त्यांनी ती घेतली असती तर मी आज हितं बसलो नसतो," भुजंगराव म्हणाले आणि ताडपत्रीवर बसले. ते गृहस्थ रिकामा ट्रॅक्टर घेऊन, त्यांना नावं ठेवत गेले. माजलाय म्हातारा, असं गावभर झालं.

असला कचरा मंडळामार्फतच उचलायचा असतो. मी अर्ज लिहिला. पगार बंद झाला होता, कारखाना नव्हता, तरी भुजंगराव दर सोमवारी मंडळाच्या ऑफिसात जाऊन विचारायचे आणि बाकीचे दिवस ढिगापाशी येऊन ताडपत्रीच्या दोऱ्या बघायचे. नंदाबाई सामान बांधून बसल्या होत्या. त्यांना गावी जायचं होतं. एकदा त्या माझ्या घरी येऊन रडल्या. "वामनभाऊ, तुमी तरी सांगा. नोकरी सुटली, पर ते हौद काही ह्यांना सोडंनात." मी सांगायला गेलो. भुजंगराव म्हणाले, "मी हाललो की रातोरात भरून नेतील. तुमी बसता का हितं?" मी बसणार नव्हतो, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

पाचव्या महिन्यात ट्रक आला. ड्रायव्हर तरुण होता, घाईत होता. गडी ढीग भरू लागले. भरून झाल्यावर ड्रायव्हरनं पावती काढली आणि सहीसाठी पुढे केली. मालाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं : भुसा.

भुजंगरावांनी ती माझ्याकडे देऊन वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"भुसा न्हाई हे," ते म्हणाले.

"काका, काय फरक पडतो? जल्दी करा, मला संध्याकाळच्या आत पोचायचंय."

"भुसा लिहिलं की उद्या कुनीतरी म्हशीम्होरं टाकंल. बराबर लिही. कारखान्याचा रंग शोषलेला, बुरशी लागलेला गव्हांडा. जनावराला घालू नये. शेतात टाकू नये."

"एवढं त्या रकान्यात मावत नाही, काका."

"मंग पाठीमागून लिही."

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी पेन दिलं. त्यानं पावती ट्रकच्या बॉनेटवर ठेवली आणि भुजंगराव सांगत गेले तसं पाठीमागे लिहीत गेला. 'शोषलेला' लिहिताना अडला. तो कसा लिहायचा ते मी सांगितलं. भुजंगरावांनी पुन्हा एकदा सगळं वाचून घेतलं, मग सही केली, सावकाश, पूर्ण नाव : भुजंग साहेबराव गावंडे.

ट्रक गेला. ते ओट्यावर गेले, उरलेला गव्हांडा खराट्यानं गोळा करून पोत्यात भरला आणि तोंड बांधून मला म्हणाले की हे ड्रायव्हरनं ठेवलंय, बेशिस्त आहे, उद्या मंडळात नेऊन द्या. मी हो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून खरंच नेऊन दिलं. तोवर ते नंदाबाईंना घेऊन चारच्या एसटीनं जाफराबादला गेलेले होते.